खेळातलं राज्य लोकशाही असू शकतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून नेशनस्टेट्स किंवा तसल्या ऑनलाइन खेळांत राष्ट्र चालवणाऱ्यांचे ठरलेले प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उदाहरणं नेशनस्टेट्सची आहेत. हा खेळ मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने २००२ साली सुरू केला. तो फुकट आहे, ब्राउझरवर चालतो आणि साध्या मोबाइलवरही अडत नाही.

राजा आहे म्हणजे लोकशाही नाही, असंच ना?

नाही. राष्ट्रप्रमुख कसा येतो हा एक प्रश्न; कायदा कोण करतं आणि सरकारला घरी कोण पाठवतं हा दुसरा. राजेशाही पहिल्याचं उत्तर देते, लोकशाही दुसऱ्याचं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स, जपान या देशांत गादी वंशाने चालते आणि सरकार मतपेटीतून येतं. उलट उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात लोकशाही, जनता आणि प्रजासत्ताक हे तिन्ही शब्द आहेत. नावावर जाणाऱ्यांनी हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

खान्देशात तर हे समजायला फार लांब जायला नको. गावात निम्मी घरं पाटलांची. वंशपरंपरेची पाटीलकी कायद्याने जाऊन साठ वर्षं होऊन गेली. आजचा पोलीस पाटील नेमलेला असतो, सरपंच निवडून आलेला असतो. आडनाव राहिलं, लग्नात मान राहिला, पण सातबाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावाला त्या आडनावाने काही फरक पडत नाही. राजेशाही लोकशाही होते ती अशीच: पद राहतं, हुकूम जातो.

राष्ट्र तयार करताना ‘किंगडम’ निवडलं तर आकडे बदलतात का?

अजिबात नाही. नावाआधी लागणारं ते बिरूद आहे. किंगडम, रिपब्लिक, एम्पायर यांतलं काहीही घ्या, खेळाच्या गणितात ते शोभेचंच. सुरुवातीचे आकडे ठरतात ते नोंदणीच्या वेळी विचारलेल्या मतांच्या प्रश्नांवरून. म्हणून ‘किंगडम’ घेतलंय म्हणून तिथे मुद्दाम कडक उत्तरं देऊ नका.

एक बारीक गोष्ट: राष्ट्राचं नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागतं. ‘खान्देश’ किंवा ‘तापी’ हे स्पेलिंगच्या चार-पाच प्रकारांनी लिहून बघा. सरळ स्पेलिंग बहुधा कोणीतरी आधीच घेतलेलं असतं.

मग माझं राज्य लोकशाही आहे की नाही, हे खेळ कशावरून ठरवतो?

तीन मापांवरून: नागरी स्वातंत्र्य, आर्थिक स्वातंत्र्य आणि राजकीय स्वातंत्र्य. या तिन्हींच्या चढउतारावरून राष्ट्राला २७ वर्गांपैकी एक मिळतो. तिन्ही मधोमध असली की ‘इनऑफेन्सिव्ह सेंट्रिस्ट डेमोक्रसी’. पहिली दोन मध्यम आणि राजकीय स्वातंत्र्य तळाला गेलं की ‘फादर नोज बेस्ट स्टेट’. म्हणजे वडीलधारे सांगतील ते मुकाट ऐका, असं राज्य.

लोकशाही राजेशाहीसाठी डोळा ठेवायचा तो तिसऱ्या मापावर. नागरी स्वातंत्र्य म्हणजे माणसाला काय बोलता, घालता, खाता, मानता येतं. राजकीय स्वातंत्र्य म्हणजे त्याला सत्ता बदलता येते का. नवखे खेळाडू या दोन्हींची गल्लत करतात. प्रजेला सगळी मोकळीक आणि मतदान मात्र बंद, असं राज्य भला हुकूमशहा चालवतो. ते सुखाचं असेलही, लोकशाही नव्हे.

राजा ठेवून राजकीय स्वातंत्र्य वर कसं न्यायचं?

मुद्दे सोडवताना. खेळ तुमच्यापुढे ‘इश्यू’ ठेवतो, प्रत्येकाला दोन-चार पर्याय असतात आणि पाचपेक्षा जास्त मुद्दे साठत नाहीत. निवडलेला पर्याय मागे घेता येत नाही. मुद्दा पटला नाही तर फेटाळता येतो, तेव्हा काहीच बदलत नाही.

समजा मुद्दा निवडणुकीच्या खर्चाचा आला. एक सल्लागार म्हणतो, दर वेळी एवढा पैसा कशाला, निवडणुका पुढे ढकला. दुसरा म्हणतो, खर्च सरकारने करावा म्हणजे गरीब माणूसही उभा राहील. तिसरा म्हणतो, लोकांना काय कळतं, महाराजांनीच चार शहाणी माणसं नेमावीत. राजेशाही रंगवणारा खेळाडू हमखास तिसरा पर्याय घेतो, कारण त्यात ‘महाराज’ शब्द आहे. चूक इथेच होते. पर्याय वाचताना बोलणारा कोण आहे ते सोडा आणि एकच विचारा: हे केल्यावर कोणाची तरी खुर्ची मतदाराच्या हातून सुटते का? सुटत असेल तर तो पर्याय राजकीय स्वातंत्र्य खाली ओढणार. दरबारी थाट दाखवायचाच असेल तर तो ध्वज, घोषवाक्य, चलन आणि राष्ट्रीय प्राणी यांत दाखवा.

काहीच वेडंवाकडं केलं नाही, तरी राष्ट्र हुकूमशाहीच्या वर्गात गेलं. असं का?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं.

राष्ट्र आधीच सीमेवर उभं होतं आणि एका लहान उत्तराने पलीकडे ढकललं गेलं, हे सगळ्यात सामान्य. वर्ग बदलला म्हणजे फार मोठा बदल झाला असं नाही. आलेखात आकडा किती हलला ते बघा.

दुसरं कारण, कुठल्यातरी जुन्या मुद्द्यात निवडणुकांविषयीचं धोरण बदललेलं असतं आणि ते आठवत नसतं. राष्ट्राच्या पानावर धोरणांची यादी असते. ती आधी उघडा. धोरण एकदा लागू झालं की ते उलटवणारा मुद्दा येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तो कधी येईल हे तुमच्या हातात नसतं.

तिसरं म्हणजे सुरक्षेचे मुद्दे. दंगल, हेरगिरी, दहशतवाद असं काही आलं की माणूस आपोआप कडक पर्याय घेतो. एकेक पर्याय समर्थनीय वाटतो, दहा झाले की राज्य बदललेलं असतं.

बाकीच्या खेळांत काय?

‘सायबर नेशन्स’मध्ये (२००६पासून) शासनपद्धत यादीतून निवडायची असते, आणि तिथे ‘मोनार्की’ व ‘डेमोक्रसी’ हे वेगवेगळे पर्याय आहेत. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. प्रजेला कोणती पद्धत हवी आहे हेही तो खेळ सांगतो आणि जुळली तर प्रजा खूश. म्हणजे तिथे राजाला लोकशाही करायचं तर ते फक्त तुमच्या लिखाणात होईल, हिशेबात नाही.

‘ईरिपब्लिक’मध्ये राजाचं पदच नाही. खरे खेळाडू मत देतात: राष्ट्राध्यक्षासाठी महिन्याच्या ५ तारखेला, पक्षाध्यक्षासाठी १५ला, काँग्रेससाठी (म्हणजे तिथल्या संसदेसाठी) २५ला. पुढे तिथे हुकूमशाहीचीही सोय झाली. राजेशाही हवी असणाऱ्यांनी तिकडे जाण्यात अर्थ नाही.

माझं राष्ट्र मी एकटाच चालवतो. मग त्यात लोकशाही कसली?

हा या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

खरं उत्तर: कसलीही नाही. बटण तुम्ही दाबता, तुम्हाला कोणी निवडलेलं नाही आणि कोणी काढू शकत नाही. पडद्यावरची प्रजा आकड्यांची असते. तुमच्या राष्ट्राची लोकशाही म्हणजे आकड्यांना दिलेलं वळण. कथा म्हणून ते छान आहे, तिथे वाद घालण्यासारखं काही नाही.

वाद घालण्यासारखं असतं ते ‘रीजन’मध्ये, म्हणजे अनेक खेळाडूंची राष्ट्रं एकत्र येतात त्या प्रदेशात. तिथली माणसं खरी, मतं खरी, रुसवे तर फारच खरे. ‘द पॅसिफिक’मध्ये सम्राट असतो, ‘ओसायरिस’मध्ये फेरो, म्हणजे जुन्या इजिप्तच्या राजाचं बिरूद. आपल्याकडच्या मुलांनी प्रदेश काढून त्याला राज्य म्हटलं, एकाला राजा केलं, की लोकशाहीचा प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने उभा राहतो. आणि त्याचं उत्तर संविधानात नसतं, पासवर्डात असतं.

पासवर्डात म्हणजे?

प्रदेशातल्या एका राष्ट्राकडे कोणालाही बाहेर काढण्याची, प्रदेशाला कुलूप लावण्याची, अधिकारी नेमण्याची ताकद असते. ‘स्ट्राँगहोल्ड’ प्रकारच्या प्रदेशात ती गव्हर्नरकडे असते. ‘फ्रंटियर’ प्रकारात गव्हर्नर नसतो, तिथे वर्ल्ड असेंब्लीचा (खेळातल्या संयुक्त राष्ट्रसंघासारख्या सभेचा) ‘डेलिगेट’ म्हणजे प्रतिनिधी सर्वांत वर. संविधानाची तीसच्या तीस कलमं मंजूर झाली, पंतप्रधान निवडून आला, आणि गव्हर्नर-राष्ट्राचा पासवर्ड मात्र राजा झालेल्या पोराच्या मोबाइलमध्ये आहे, तर ते राज्य निरंकुश आहे. राजा फक्त अजून रागावलेला नाही इतकंच.

उपाय तीन आहेत. पहिला उपाय, राजा आणि गव्हर्नर ही दोन माणसं वेगळी ठेवा. गव्हर्नर-राष्ट्र अशा खेळाडूकडे द्या जो निवडणूक लढवणार नाही आणि मुकुटही मागणार नाही, बँकेच्या लॉकरची किल्ली सांभाळणाऱ्यासारखा. दुसरा: गव्हर्नरने काहीही केलं की ते प्रदेशाच्या घडामोडींत सगळ्यांना दिसतं. नियम करा की प्रत्येक कृतीमागे सभेच्या ठरावाचा क्रमांक हवा. क्रमांक नसलेली कृती दिसली की पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच. तिसरा: अधिकार वाटा. सीमा, संदेश, मतदान, दूतावास हे अधिकार वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना देता येतात. सीमेचा अधिकार पंतप्रधानाला आणि मतदानाचा अधिकार निवडणूक अधिकाऱ्याला दिला की दोघांना मिळूनही घोटाळा करणं जड जातं.

आणि हो, खेळात २८ दिवस लॉगइन केलं नाही की राष्ट्र नाहीसं होतं. सुटीचा पर्याय लावला तर ६० दिवस मिळतात. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या वेळी किल्लीवालाच नाहीसा होतो आणि प्रदेश उघडा पडतो, असं नको. त्याच्या मोबाइलला दर विसाव्या दिवशी आठवण लावा, आणि वारस आधीच नेमून ठेवा.

फ्रंटियरमध्ये डेलिगेट तर मतांवरच होतो. मग तोच राजा करावा का?

करता येतो, पण त्याचं यंत्र समजून घ्या. डेलिगेट ठरतो ‘एंडॉर्समेंट’वर. वर्ल्ड असेंब्लीतली तुमच्या प्रदेशातली राष्ट्रं ज्याला जास्त पाठिंबा देतात तो. हा पाठिंबा कधीही देता-काढता येतो, आणि बदल लागू होतो दिवसातून दोनदा होणाऱ्या ‘अपडेट’च्या वेळी. पहिला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्री बाराला, दुसरा तिथल्या दुपारी बाराला. आपल्या घड्याळात उन्हाळ्यात सकाळी आणि रात्री ९.३०, हिवाळ्यात १०.३०. बाहेरचे हल्लेखोर याच वेळेवर नजर ठेवून शेवटच्या मिनिटाला घुसतात. जेवणाच्या वेळी सगळे ताटावर असताना डेलिगेट बदललेला असतो. म्हणून मुकुट डेलिगेटच्या डोक्यावर ठेवायचा असेल तर पाठिंब्यात दुसऱ्या क्रमांकाचं राष्ट्र नेहमी बरंच मागे राहील, असा नियम हवा.

मतदार यादी कशी करायची? एक जण चार-चार राष्ट्रं काढतो.

काढू दे, खेळात त्याला मनाई नाही. पण वर्ल्ड असेंब्लीत एका माणसाचं एकच राष्ट्र चालतं. म्हणून यादी तिच्यावरून करा: मतदानाच्या घोषणेच्या दिवशी जो असेंब्लीचा सदस्य आहे आणि १४ दिवसांपासून प्रदेशात आहे, तो मतदार. ‘घोषणेच्या दिवशी’ हे शब्द गाळू नका. ते नसले की उमेदवार मतदानाच्या आदल्या रात्री मावसभाऊ भरती करतो.

एकाच घरातले दोघे भाऊ एकाच वायफायवरून असेंब्लीत असले तर खेळाच्या व्यवस्थापकांना ते एकच माणूस वाटू शकतं. तसं असेल तर व्यवस्थापकांना आधीच कळवून ठेवा. नाहीतर ऐन निवडणुकीत एकाचं सदस्यत्व जातं आणि निकालावर भांडण होतं.

खेळातला ‘पोल’ सोयीचा आहे, पण त्यात कोणी काय मत दिलं ते दिसतं. ठरावांना ते चांगलंच. माणूस निवडताना नको. तेव्हा गुप्त मतदान वेगळ्या फॉर्मवर घ्या आणि मोजणीला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बसवा.

तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. आखाजीच्या आठवड्यात, पोळ्याला किंवा घरोघरी कानबाई बसते त्या दिवसांत मतदान ठेवलं की गणसंख्या भरत नाही आणि निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. मतदान ७२ तास उघडं ठेवा. रात्री लाइट गेली म्हणून मत हुकलं, ही तक्रार मग राहत नाही.

संविधानात राजाविषयी किमान काय हवं?

पानभर पुरतं. लांब संविधान कोणी वाचत नाही आणि भांडणाच्या वेळी प्रत्येक जण आपल्या सोयीचं कलम काढतो.

सगळ्यात महत्त्वाचं कलम मंजुरीचं. सभेने केलेला कायदा राजाकडे सहीला जातो. राजाने काय करायचं आणि *किती दिवसांत*, हे लिहिलं नाही तर सगळं फसतं. आपल्याच देशात बघा. राज्यघटनेच्या कलम १११ प्रमाणे राष्ट्रपती विधेयक एकदा परत पाठवू शकतात, संसदेने पुन्हा मंजूर केलं की सही करावी लागते. पण मुदत लिहिलेली नाही. १९८६च्या टपाल विधेयकावर ग्यानी झैलसिंग यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही, ते तसंच पडून राहिलं. खेळातल्या राज्यात हे दर महिन्याला होतं, कारण राजा चिडला की रुसून बसतो, ‘नाही’ म्हणत नाही.

म्हणून कलम असं लिहा: विधेयक मिळाल्यापासून ७ दिवसांत राजाने सही करावी किंवा कारण लिहून एकदाच परत पाठवावं. ७ दिवस गप्प राहिला तर सही झाली असं मानावं. परत आलेलं विधेयक सभेने साध्या बहुमताने पुन्हा मंजूर केलं की राजाच्या सहीशिवाय कायदा.

आता हे जवळून बघू. सभेचे ११ सदस्य. रविवारी रात्री विधेयक ६ विरुद्ध ४ ने मंजूर, एक गैरहजर. सभापती त्याच रात्री ते राजाला पाठवतो आणि *सगळ्यांसमोर* तारीख-वेळ टाकतो. ही नोंद नसली की ‘मला मिळालंच नाही’ सुरू होतं. गुरुवारी राजा परत पाठवतो: दंडाची रक्कम जास्त आहे. सभा शनिवारी बसते, रक्कम तशीच ठेवते, पुन्हा ६ विरुद्ध ४. कायदा झाला. राजाने आपलं म्हणणं मांडलं, दोन दिवस चर्चा घडवली, आणि हरला. लोकशाही राजाने हरायला शिकलं पाहिजे. नको असेल तर त्याने एकट्याचं राष्ट्र चालवावं.

याच कलमात ‘दोन तृतीयांश’ लिहायचा मोह होईल. लिहिलंच तर कशाचे ते लिहा. ११ जणांच्या सभेत एकूण सदस्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ८. त्या दिवशी ७च हजर असतील तर हजर असलेल्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ५. पाच की आठ, यावर प्रदेश फुटतात.

राजा कायद्याच्या विरोधात असेल, त्याला मनातून पटतच नसेल तर?

खऱ्या जगात दोन सुंदर उदाहरणं आहेत. १९९०मध्ये बेल्जियमचे राजे बोडुएँ यांना गर्भपाताच्या कायद्यावर सही करायची नव्हती. मंत्रिमंडळाने ते राज्य करण्यास असमर्थ असल्याचं जाहीर केलं, स्वतः कायदा लागू केला आणि दीड दिवसाने संसदेने त्यांना पुन्हा गादीवर घेतलं. २००८मध्ये लक्झेम्बर्गचे तेव्हाचे ग्रँड ड्यूक (तिथले राजे) आन्री यांनी दयामरणाच्या कायद्याला संमती द्यायला नकार दिला, तेव्हा राज्यघटनाच बदलली. आता ग्रँड ड्यूकने संमती द्यायची नसते, कायदा जाहीर तेवढा करायचा असतो. खेळात बेल्जियमची युक्ती फार रंगते. एका दिवसाचा कारभारी नेमा.

ब्रिटनमध्ये राजसत्तेने कायद्याला संमती नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८चा, राणी अ‍ॅनचा. स्वीडनने १९७५पासून राजाला या भानगडीतूनच सोडवलं: पंतप्रधानाचं नावसुद्धा संसदेचे सभापती सुचवतात.

राजा निवडणुकीने आणला तर तो राजा राहतो का?

राहतो. मलेशियात नऊ घराण्यांचे शासक आपल्यातून पाच वर्षांसाठी राजा निवडतात. नॉर्वेने १९०५मध्ये स्वीडनपासून वेगळं झाल्यावर डेन्मार्कच्या राजपुत्राला बोलावलं. जनतेला विचारल्याशिवाय येणार नाही, असं तो म्हणाला. सार्वमत झालं, लोकांनी मोठ्या बहुमताने राजा हवा म्हटलं, आणि तो सातवा हाकोन झाला. अँडोरात तर दोन सहराजांपैकी एक म्हणजे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष. त्यांना फ्रेंच लोक निवडतात, अँडोराचे नाही. म्हणजे निवडून आलेला राजा आहे, आणि तरी तिथल्या प्रजेने निवडलेला नाही.

खेळात वंशपरंपरा तशीही खोटीच असते. राजाने वारसाचं नाव सुचवावं आणि सभेने मंजूर करावं, ही पद्धत सगळ्यात टिकाऊ. दर तीन महिन्यांनी राजा निवडायला लागलात तर तो राजा नाही, दुसरा पंतप्रधान होतो. मग दोघांत मला जास्त मतं, तुला कमी, हे चालतं.

या भांडणाचा नमुना आपल्या ग्रामपंचायतीत दिसतो. थेट जनतेतून निवडलेला सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं, मग ठराव अडतात. महाराष्ट्राने थेट सरपंच २०१७ला आणला, २०२०ला काढला आणि २०२२ला परत आणला, यावरून प्रश्न किती चिवट आहे ते कळेल.

राजाला काढता येईल अशी सोय हवी का?

हवीच. भूतानच्या २००८च्या संविधानात राजाने ६५व्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे आणि संसदेच्या संयुक्त बैठकीत तीन चतुर्थांश मतांनी त्याला पायउतार करण्याची तरतूद आहे; त्यावर पुढे सार्वमतही घ्यायचं आहे. तुमच्या ११ जणांच्या सभेत तीन चतुर्थांश म्हणजे ९. वर मतदारांचं साधं बहुमत ठेवा. यापेक्षा सोपं केलं तर दर रुसव्याला राजा बदलेल. ठरावावेळी अध्यक्षस्थानी राजा नसावा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आणीबाणीचे अधिकार राजाला द्यावेत का?

द्या, पण ७२ तासांचे, फक्त बाहेरच्या हल्ल्यासाठी, आणि वाढवायचे असतील तर सभेच्या मतानेच. नेपाळच्या राजा ज्ञानेंद्रांनी फेब्रुवारी २००५मध्ये सरकार बरखास्त करून सगळी सूत्रं हाती घेतली. पुढच्या वर्षी जनआंदोलनापुढे ती सोडावी लागली आणि मे २००८मध्ये राजेशाहीच गेली. खेळात हे तीन वर्षांत नाही, तीन आठवड्यांत होतं: राजा सदस्य काढतो, उरलेले दुसरा प्रदेश काढतात, आणि राजा रिकाम्या राजवाड्यात ध्वज बदलत बसतो.

जन्माने किंवा नेमणुकीने कोणी वर बसणार, यात समता कुठे?

नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरतं उत्तर नाही. लोकशाही राजेशाहीत सत्ता समान असू शकते, मान समान नसतो. ज्यांना तेही खटकतं त्यांनी प्रजासत्ताक काढावं. एकाच प्रदेशात दोन्ही बाजूंचे पक्ष असले तर निवडणुकांना रंग चढतो, आणि प्रजासत्ताकवादी पक्षावर बंदी घालणारी राजेशाही लोकशाही नव्हेच.

राज्याला खान्देशी रंग द्यायचा आहे. इतिहासातून काय घ्यावं?

फारुकी घराणं हाताशी आहे: १३८२च्या सुमारास थाळनेरला सुरुवात, पुढे बुऱ्हाणपूर राजधानी, आणि १६०१मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर शेवट. तो कारभार लोकशाही नव्हता, त्यामुळे नावं घ्या, नियम घेऊ नका. सातपुड्यातल्या मेवासी संस्थानांकडून मात्र एक कल्पना उचलण्यासारखी आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी आजही मोठी भरते. संस्थान गेलं, होळी राहिली. तुमच्या राजालाही असंच एक काम द्या. वर्षातून एकदा सभेचं उद्घाटन, नव्या सदस्यांचं स्वागत, पदकं. ही कामं मनापासून करणारा राजा विधेयकात नाक खुपसत नाही.

दुसरीकडे फैजपूर आहे. १९३६मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथलं. सभागृहाला नाव हवं असेल तर ‘फैजपूर सभा’ ठेवा, राजवाड्याला ‘थाळनेर’. दोघांत पत्रव्यवहार लेखीच होऊ द्या, आणि प्रत्येक पत्रावर तारीख असू द्या.